झोपाळ्यावर स्पेलिंग शिकवणाऱ्या कुमुदकाकू

कुमुदकाकूंची आणि आमची पहिली भेट झाली तेव्हा आमच्या घरात त्यांना बसायला द्यायला खुर्चीसुद्धा नव्हती. बाबांची नाशिकहून चंदीगडला बदली झालेली. आम्ही भर थंडीत येऊन पोहोचलो आणि सामानाचा ट्रक अंबाल्याच्या अलीकडेच कुठेतरी बंद पडला. सरकारी क्वार्टरच्या बर्फासारख्या फरशीवर एकच सतरंजी टाकून आम्ही चौघं बसलो होतो, आणि दार वाजलं. दारात नऊवारीवर जाड स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला अशा एक बाई उभ्या होत्या. हातात डबा.

"ह्यांच्या ऑफिसात कळलं, मराठी मंडळी आलीत म्हणून. पिठलं आहे. भात तेवढा लावून घ्या."

आई म्हणाली, "अहो, भांडी ट्रकमध्ये आहेत."

"मग इथे काय करताय? चला आमच्याकडे," असं म्हणून त्या मागे वळल्यासुद्धा. आम्ही चौघं त्यांच्या मागे, आणि पिठलं पुन्हा त्यांच्याच घरी परत.

ज्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त आपलं इथलं मराठी मंडळ हा ग्रंथ काढतंय, त्या सौ. कुमुद सबनीस म्हणजेच या काकू. संपादकांनी मला सांगितलंय की बोलतोस तसं लिही, फक्त आदराने लिही. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममधलं, त्यामुळे मध्येच एखादा 'पक्का' किंवा 'जी' आला तर माफ करा. चंदीगडमध्ये वाढलेल्या मराठी मुलांचं हे असंच असतं.

त्या दिवशी जेवताना काकूंनी आमची चौकशी केली. मी कितवीत, कुठली शाळा वगैरे. मग त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीकडे बघितलं. मीना तेव्हा दहा वर्षांची होती आणि ताटाकडे बघत भाताचे डोंगर करत होती.

"आणि ही?"

आईने आवाज एकदम खाली आणला. "ती शाळेत जात नाही. घरीच शिकते."

"हो का?" काकू म्हणाल्या. "मग शनिवारी दुपारी रिकामी असेल."

आई बघतच राहिली. आजवर हे वाक्य ऐकून लोक 'अरेरे' म्हणायचे, नाहीतर डॉक्टरांचा पत्ता द्यायचे. मीना बोलताना अडखळायची. नाशिकच्या शाळेत तिला वर्गासमोर धडा वाचायला उभं केलं होतं. 'ब'वर ती जी अडकली ती अडकलीच, आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर रोज सकाळी शाळेच्या वेळेला तिच्या पोटात दुखायला लागलं. शेवटी आई-बाबांनी तिला घरीच शिकवायला घेतलं. हुशार होती, भराभर शिकायची, सगळं लिहायची. पण घराबाहेरच्या माणसासमोर तोंड म्हणून उघडायची नाही. ही मुलगी पुन्हा कधी चार माणसांत बोलेल का, आमच्या घरात दुसरी काळजीच नव्हती.

शनिवारी काय असतं ते तिथे गेल्यावर कळलं. काकूंच्या क्वार्टरच्या मागे छोटं अंगण होतं आणि त्यात एक आंब्याचं झाड. त्या झाडाखाली घरी शिकणारी मुलं जमायची. तेव्हा अशी मुलं इथे बरीच होती. कुणाच्या वडिलांची बदली वर्षाच्या मध्येच झालेली, त्यामुळे शाळा म्हणायची एप्रिलमध्ये या. कुणी आजारपणामुळे घरी, कुणाचे वडील धरणांवर इंजिनिअर आणि आज इथे तर उद्या तिथे. ही मुलं पुढे प्रायव्हेट म्हणून परीक्षा द्यायची. काकूंच्या स्वतःच्या मुलाची दोन वर्षं अशीच गेली होती. लग्नाआधी साताऱ्याला त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे त्यांनी त्याला घरीच तयार केलं. तो आता मोठा ऑफिसर झालाय. पण तेव्हाची एक गोष्ट काकूंच्या मनात राहिली होती. त्या म्हणायच्या, "घरी शिकणाऱ्या मुलाला सगळं येतं हो. फक्त दुसऱ्यासमोर येत नाही. त्याला ऐकणारंच कुणी नसतं ना."

म्हणून मग स्पेलिंग. अमेरिकेहून परत आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी काकूंना चहा पिता पिता सांगितलं होतं की तिकडे मुलांना उभं करून तोंडी स्पेलिंग विचारतात, त्याच्या मोठ्या मॅचेस होतात, आणि त्याला स्पेलिंग बी म्हणतात. काकूंना हे इतकं आवडलं की पुढच्या शनिवारी लगेच सुरू. प्रीतू नावाचा एक सरदार मुलगा होता, धरणवाल्या इंजिनिअरचा. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "आंटीजी, बी मतलब मक्खी ना? मक्खी कहाँ है?"

"तुम ही तो हो," काकू म्हणाल्या. "कब से कान के पास भुणभुण कर रहे हो." काकूंचं हिंदी असं. त्यांना भिनभिन माहीत नव्हतं आणि पर्वाही नव्हती.

काकूंच्या पद्धतीत कुणी आऊट होत नसे. जो चुकला त्याने मूंगफलीची, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची, परात सगळ्यांसमोर फिरवायची आणि रांगेत शेवटी जाऊन उभं राहायचं. त्यामुळे चुकणारा माणूस सगळ्यांत लोकप्रिय. प्रीतू भूक लागली की मुद्दाम चुकायचा. शब्द सांगायचं काम सबनीसकाकांकडे होतं. काका केंद्र सरकारच्या ऑफिसात असल्यामुळे उत्तर बरोबर आलं की ते 'मंजूर' म्हणत आणि चुकलं की 'फेरविचारार्थ परत'. पंजाबी मुलांना याचा अर्थ कळत नसे, पण तीसुद्धा घरी जाऊन आपल्या भावंडांना 'फेरविचारार्थ परत' म्हणायला लागली होती.

मीना पहिले काही शनिवार नुसतीच येऊन बसली. काकूंनी तिला एकदाही विचारलं नाही. आंब्याला एक झोपाळा टांगलेला होता, तिथे ती बसायची. या झोपाळ्याचीही गंमत आहे. काकूंना तो घरातच हवा होता. सातारच्या माहेरी त्या लहानपणी झोपाळ्यावर बसूनच पाढे म्हणायच्या, झोका पुढे गेला की एक, मागे आला की दुसरा. काका म्हणाले, सरकारी छताला कडी ठोकायची तर परवानगी लागते. काकू म्हणाल्या, मग घ्या. काकांनी खरोखर अर्ज केला. त्याचं उत्तर काही येईना, तेव्हा काकू स्वतः मनीमाजऱ्याच्या बाजारात गेल्या, साखळ्या आणि फळी घेऊन रिक्षाने परत आल्या आणि झोपाळा झाडाला लागला.

एका शनिवारी मी मीनाला न्यायला गेलो होतो. बाकीची मुलं गेली होती. मीना झोपाळ्यावर होती आणि काकू तिच्याच शेजारी बसून मांडीवर ताट घेऊन मटार सोलत होत्या. पायाने हलकेच झोका देत त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "स्पॅरो." झोका पुढे गेला, "एस." झोका मागे आला, त्या गप्प. पुन्हा पुढे, "एस." मागे आला, पुन्हा गप्प. असं बऱ्याच वेळा झालं. मी दारातच थांबलो. आणि मग एकदा झोका मागे येताना मीनाच्या तोंडून आलं, "पी."

काकू पुढच्या झोक्याला म्हणाल्या, "ए." मीना म्हणाली, "आर." अख्खा शब्द झाला. कुठेही अडलं नाही.

मी 'शाबास' म्हणून ओरडणार तेवढ्यात काकूंनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी तोंड मिटलं. त्यांनी एक शेंग सोलली आणि म्हणाल्या, "पुढचा." बस. एवढंच. पुढे केव्हातरी मी विचारलं, तेव्हा कौतुक का नाही केलंत? तर म्हणाल्या, "अरे, ती स्पेलिंग सांगत होती. त्यात कौतुक कसलं? चिमणीचं स्पेलिंग दहा वर्षांच्या मुलीला यायलाच हवं."

मीना झोपाळ्यावर स्पेलिंग सांगायला लागली म्हटल्यावर सगळ्यांनाच झोपाळा हवा झाला. मग काकूंनी ती पद्धतच केली. एकजण झोपाळ्यावर, बाकीचे रांगेत उभे राहून त्याच तालात डोलायचे. आंब्याखाली ती रांग एका तालात पुढे-मागे व्हायची, बघायला फार मजा यायची. प्रीतूची मम्मी एकदा आईला म्हणाली, "बहनजी, हमारा प्रीतू अब खाना भी ऐसे खाता है जैसे रोडवेज़ की बस में बैठा हो."

काकूंच्या कामाबद्दल अजून कितीतरी सांगता येईल. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात एक मुलगा बरेच महिने पायाला वजनं लावून पडून होता. आपल्या मंडळातल्याच एका डॉक्टरांकडून काकूंना ते कळलं. त्यांनी एका शनिवारची स्पर्धा त्याच्या वॉर्डातच घेतली. स्पर्धकाने उभं राहायचं हा नियम, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जमिनीवर बसवलं. म्हणजे खाटेवरचा तो मुलगा सगळ्यांत उंच झाला. तो जिंकला, आणि नर्सबाईंना न विचारता चकल्या वाटल्या म्हणून काकूंना बोलणीही बसली. बक्षीस नेहमी खायचंच असे, कप वगैरे नाही. जिंकणाऱ्याने ते सगळ्यांना वाटायचं आणि स्वतः शेवटी घ्यायचं, उरलं तर.

पण मला जो दिवस मुद्दाम सांगायचाय तो वेगळा आहे.

शहरातल्या एका शाळेत दरवर्षी शाळा-शाळांची इंग्रजी स्पेलिंगची स्पर्धा व्हायची. आपली मुलं तिथे उतरावीत असं काकूंनी ठरवलं. त्या शाळेत परवानगी मागायला त्यांनी आमच्या आईलाही सोबत नेलं. प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, "ये बच्चे किस स्कूल के हैं?"

"अपने-अपने घर के," काकू म्हणाल्या.

मॅडम हसल्या, आणि हसल्या म्हणून काम झालं. तीन मुलांना पाहुणे म्हणून घ्यायचं ठरलं. प्रीतू, एका प्रोफेसरांची अंजली, आणि तिसरी मीना. आईला घरी येऊन झोप लागेना. बाबा म्हणाले, नको पाठवूया, नाशिकसारखं पुन्हा झालं तर ही मुलगी कायमची गप्प होईल. काकूंनी बाबांना समजावलं वगैरे नाही. त्यांनी मीनालाच विचारलं, "जायचं का गं?" मीनाने मान हलवली. हो म्हणून.

हॉल गच्च भरलेला. शाळाशाळांचे ब्लेझर, पुढे प्रिन्सिपल मंडळी, स्टेजवर जज म्हणून एक रिटायर्ड कर्नलसाहेब, मिशांना पीळ दिलेले. त्यांनी नियम सांगितले. खडूने आखलेल्या चौकोनात उभं राहायचं, हात मागे, मान ताठ, अजिबात हलायचं नाही.

पहिला प्रीतू. आमच्यातला सगळ्यांत तेज. सोपा शब्द आला होता, झोपेत सांगितला असता. प्रीतू चौकोनात पुतळ्यासारखा उभा राहिला, दोन अक्षरं म्हणाला आणि संपलं. तोंड उघडं, आवाज नाही. कर्नलसाहेबांनी बिचाऱ्यांनी शब्द पुन्हा सांगितला. काही नाही. मग अंजली आली. तिचंही तेच. मागून ब्लेझरवाली मुलं खुसखुसायला लागली. "घरवाले," असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

मी आईकडे बघितलं. आईच्या लक्षात माझ्याआधी आलं होतं. "अरे देवा," ती म्हणाली, "ही मुलं हलत नाहीयेत!"

खरंच! महिनोन् महिने झोपाळ्यावर आणि डोलत डोलत शिकलेली पोरं. एवढ्यात त्यांना कुणी न हलता उभं करून विचारलंच नव्हतं. ज्यांना झोपाळ्याची काही गरज नव्हती तीसुद्धा त्याच्याशिवाय अडकली होती. आणि आता पुढे मीना होती, जिला खरोखरच गरज होती.

मीना चौकोनात जाऊन उभी राहिली. शब्द आला, 'बटरफ्लाय'. 'ब'च! आईने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

तेवढ्यात काकू उठून उभ्या राहिल्या. भर हॉलमध्ये, नऊवारी आणि स्वेटर. "जजसाहेब, एक मिनट. गलती मेरी है. मैंने इन बच्चों को झूले पे सिखाया. इस लडकी को जरासा हिलने दीजिए."

हॉलमध्ये हशा पिकला. कर्नलसाहेब उठले आणि नम्रपणे म्हणाले, "बहनजी, सब बच्चों के लिए एक ही रूल है. मैं एक को छूट दूँ तो बाकियों से क्या कहूँ?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "बराबर है," त्या म्हणाल्या. "फिर एक बात बताइए. टाइम का कुछ रूल है?"

कर्नलसाहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला. "नहीं जी. टाइम का तो कोई रूल नहीं लिखा."

मग काकू मीनाकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "मीनू, ऐकलंस ना? अडखळ हवं तेवढं. आम्ही कुणी कुठे जात नाही."

प्रिन्सिपल मॅडम ताडकन उठल्या. "ये कौन सी भाषा में बोलीं? ये तो प्रॉम्प्टिंग है!"

आणि कर्नलसाहेब माइकवरून चक्क मराठीत म्हणाले, "मी पुण्यात तीन वर्ष होता. मला सगळा समजते. बाईनी काय सांगितला नाय." मग मीनाला म्हणाले, "हं बेटा. सावकाश."

काकू खाली बसल्या. मीनाने सुरू केलं. "ब... ब... ब..." खुसखुस झाली. ती थांबली, श्वास घेतला. पुन्हा "ब... ब..." कुठल्याशा रांगेतून कुणी तिची नक्कल केली. मी रागाने उठणार होतो, पण आधी कर्नलसाहेबांनी त्या दिशेने नुसतं बघितलं. आणि मग "बी" आला. पुढचं अक्षर पटकन आलं. मग "टी"वर पुन्हा सगळं अडलं. दोन "टी", दोन्ही तसेच. हसणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. पण "एफ"पर्यंत येईतो तो सगळा हॉल तिच्याबरोबर श्वास धरून बसला होता. ब्लेझरवाल्यांतली एक मुलगी तर ओठ हलवून मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणत होती. शेवटचं अक्षर आलं.

"करेक्ट," कर्नलसाहेब म्हणाले.

टाळ्या झाल्या. त्या मी वर्णन करत नाही, इथल्या बऱ्याच जणांनी ऐकल्या आहेत. मी सांगतो ते त्यानंतरचं. पुढच्या फेरीत मीना चुकली. अजिबात न अडखळता, ठणठणीत आवाजात, साफ चुकली. आणि बाहेर आल्यावर आम्ही सगळे तिला जवळ घ्यायला धावलो तर ती भयंकर भडकलेली. "म... मला येत होता तो! घ... घाई केली मी! क... काकू, परत विचारायला सांगा त्यांना!" पार्किंगमध्ये, अनोळखी लोकांसमोर, ती न थांबता भांडत होती. अडखळत, पण न थांबता. आई रडत होती आणि हसतही होती. बाबा स्कूटरला टेकून उभे होते.

काकूंनी मीनाला सांगितलं, "चुकलं ना? मग मूंगफली वाट." पिशवीतून त्यांनी पुडा काढलासुद्धा. मीनाने तणतणत सगळ्यांना मूंगफली वाटली, कर्नलसाहेबांनाही.

घरी येताना काकूंनी स्वतःहून विषय काढला. आईला म्हणाल्या, "माझंच चुकलं हो. झोपाळ्यावर बसवलं, ते ठीक. पण खाली उतरवायला मी विसरले." एवढ्या मोठ्या माणसाने आमच्यासमोर, मुलांसमोर हे सरळ म्हणावं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आणि नुसतं म्हणाल्या नाहीत. पुढच्या शनिवारपासून अर्धा वेळ झोपाळा आणि अर्धा वेळ बाजार. सेक्टर सतरामध्ये कारंज्याजवळ नाहीतर गोलगप्पेवाल्याच्या गाडीसमोर मुलांना उभं करायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडून थांबवायच्या. "भाईसाहब, जरा इसका स्पेलिंग सुनोगे?" लोक थांबायचे. पंजाबी माणूस ऐकायला थांबतो, आणि वर "ओए, वाह!" म्हणतो. गोलगप्पेवाल्याला इंग्रजी येत नव्हतं, तरी सगळ्यांत मोठ्याने "करेक्ट!" तोच ओरडायचा.

सेक्टर चौतीसमध्ये बघावं तर तेव्हा नुसतं मोकळं मैदान होतं. तिथेच पुढच्या वर्षी काकूंनी शामियाना टाकून घरी शिकणाऱ्या मुलांची पहिली मोठी स्पर्धा भरवली. मुल्लानपूरच्या बाजूच्या गावांतून, कालक्यातून मुलं आली. शाळांनाही पाहुणे म्हणून बोलावलं होतं. प्रिन्सिपल मॅडम स्वतः आल्या. काकूंनी त्यांना विचारलं, "आपके बच्चे किस घर के हैं?" आणि दोघी खूप हसल्या.

मीना पुढच्या एप्रिलमध्ये शाळेत गेली. कुणी पाठवलं नाही, ती म्हणाली जाते. पहिल्या दिवशी हसले का गं, असं आईने भीत भीत विचारलं. "ह... हसले," मीना म्हणाली, "मग म... मी थांबले. मग ते थांबले." आता ती कॉलेजात आहे आणि डिबेटमध्ये भांडते. अजून अडखळते. ते गेलेलं नाही, आणि जावं म्हणून आता आमच्या घरात कुणी नवस करत नाही.

काकांच्या रिटायरमेंटनंतर दोघं साताऱ्याला जाणार अशी बातमी मध्यंतरी उठली होती. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "जाऊ की. या शनिवारची मुलं एकदा तयार होऊ देत." प्रत्येक वेळी तेच उत्तर. म्हणून आम्ही आता निर्धास्त आहोत.

सत्काराच्या दिवशी मानपत्र कुणी वाचायचं, यावर समितीत बरीच चर्चा झाली. मीनाने हात वर केला. मग अध्यक्ष म्हणाले, "वाच की, पोरी. तुझ्यासाठी अर्धा तास ठेवू." मीनाने कागद चाळला आणि विचारलं, "ए... एवढाच?"

तेव्हा मंडळी, त्या दिवशी घरून निघताना स्वयंपाक उरकून निघा. कुमुदकाकूंना भरपूर वर्षं मिळोत, तब्येत खणखणीत राहो, काकांचा 'मंजूर' त्यांना रोज ऐकायला मिळो, आणि दर शनिवारी त्यांच्या अंगणात बसायला जागा कमी पडो.